इंग्रजीचे हेल कानाला कसे लागतात: ऐकण्याची चाचणी घ्यायची रीत

‘त्याचं इंग्रजी बरं आहे, पण अ‍ॅक्सेंटमुळे समजत नाही.’ मुलाखतीच्या शेऱ्यांत, कॉल सेंटरच्या तक्रारींत, विद्यार्थ्यांच्या अभिप्रायांत हे वाक्य हमखास सापडतं. त्यात तीन वेगळ्या गोष्टींची सरमिसळ असते: ऐकणाऱ्याला शब्द कळले का, ते कळायला कष्ट पडले का, आणि बोलण्याचं वळण त्याला किती परकं वाटलं. कॅनडातल्या मरे मन्रो आणि ट्रेसी डर्विंग यांनी १९९५ मध्ये मँडरीनभाषकांच्या इंग्रजीवर या तिन्ही गोष्टी वेगवेगळ्या मोजल्या. वळण अतिशय ठळक असल्याचा शेरा मिळालेली बरीच वाक्यं त्याच श्रोत्यांनी अचूक लिहून दाखवली होती. म्हणजे ‘ठळक’ आणि ‘दुर्बोध’ एक नव्हेत. आपली चाचणीही याच पायावर उभी करायची.

ही रीत एम.ए.चा प्रकल्प करणाऱ्यांना, भाषाशिक्षकांना आणि कंपन्यांच्या प्रशिक्षण विभागांना उपयोगी पडेल. दोन-तीन आठवडे, एक लॅपटॉप, दोन बरे हेडफोन आणि छत्तीस श्रोते एवढ्यात ती बसते.

लोकांना सरळ विचारून का चालत नाही

‘तुम्हाला कुठलं इंग्रजी आवडतं?’ असं विचारलं की उत्तर आवाजाबद्दल येत नाही, नावाबद्दल येतं. ब्रिटनमध्ये बीबीसीसाठी झालेल्या आणि २००७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या पाहणीत ५,०१० लोकांनी ३४ अ‍ॅक्सेंटना गुण दिले. त्यांना एकही आवाज ऐकवला नव्हता, नुसती नावं दिली होती. तरी बर्मिंगहॅम तळाशी गेलं आणि ‘एशियन’ही तळाजवळच राहिलं. शहरांविषयी आणि माणसांविषयी लोकांच्या मनात काय आहे, हे त्यातून चांगलं कळतं. कानाला काय लागतं, ते कळत नाही.

उलट बाजूचा पुरावाही आहे. १९७०च्या दशकात हॉवर्ड जाइल्स आणि सहकाऱ्यांनी फ्रेंच न येणाऱ्या वेल्समधल्या श्रोत्यांना युरोपातली प्रमाण फ्रेंच आणि कॅनडातली फ्रेंच ऐकवली. फ्रेंचभाषक ज्यांत उच्च-नीच मानतात, त्या प्रकारांत या श्रोत्यांना काहीच फरक जाणवला नाही. एखादा हेल मुळातच कुरूप असता, तर भाषा न येणाऱ्यालाही तो तसाच लागायला हवा होता.

लेबल तर प्रत्यक्ष ऐकणंही बदलतं. नॅन्सी निड्झिएल्स्की यांनी १९९९ मध्ये अमेरिकेच्या मिशिगन राज्यातल्या डेट्रॉइटच्या लोकांना डेट्रॉइटच्याच एका बाईचा आवाज ऐकवला. काहींच्या उत्तरपत्रिकेवर ‘कॅनडा’ लिहिलं होतं, काहींच्या ‘मिशिगन’. ‘कॅनडा’ वाचलेल्यांनी कॅनडाचा म्हणून ओळखला जाणारा स्वर निवडला, बाकीच्यांनी तो फारसा निवडला नाही. डोनाल्ड रुबिन यांनी १९९२ मध्ये अमेरिकी विद्यार्थ्यांना एकाच आवाजातलं व्याख्यान ऐकवलं आणि सोबत कधी गोऱ्या, कधी आशियाई चेहऱ्याच्या बाईचा फोटो दाखवला. आशियाई चेहरा पाहिलेल्यांना नसलेला परका हेल ऐकू आला, आणि व्याख्यानही कमी कळलं.

म्हणून पहिला नियम: चाचणी संपेपर्यंत बोलणाऱ्याचं नाव, फोटो, गाव, आडनाव काहीही दिसता कामा नये. फाइलचं नावसुद्धा नाही. ‘बंगाली_मुलगी_२’ नावाची फाइल प्लेअरच्या खिडकीत झळकली की त्या श्रोत्याचा कागद बाद. क्लिपांना क७, क१९ असे बिनअर्थाचे क्रमांक द्या.

प्रश्न अरुंद करा

‘भारतीय इंग्रजीकडे लोक कसे पाहतात’ हा प्रश्न छत्तीस श्रोत्यांत मावत नाही. मावणारा प्रश्न असा असतो: पुण्यात पदवीपर्यंत शिकलेल्या मराठीभाषकांना मराठी, गुजराती, बंगाली, मल्याळी, पंजाबी आणि तामिळ वळणाचं इंग्रजी किती कळतं, आणि बोलणाऱ्याबद्दल त्यांचं काय मत होतं? श्रोत्यांचा गट एक, वळणं सहा. पुढचं सगळं याच उदाहरणावर सांगितलं आहे. ब्रिटिश, अमेरिकन, नायजेरियन असे हेल घ्यायचे असतील तर फक्त आवाज बदलतील.

आवाज गोळा करणं

दोन मार्ग आहेत. वॉलेस लँबर्ट आणि सहकाऱ्यांनी माँट्रिऑलमध्ये वापरलेला, १९६०चा मार्ग: एकाच माणसाला दोन रूपांत बोलायला लावायचं आणि श्रोत्यांना ही दोन माणसं आहेत असं वाटू द्यायचं. आवाजाची जात, वय, गोडवा सगळं तेच राहतं, म्हणून गुणांतला फरक वळणाचाच ठरतो. लँबर्ट यांच्याकडे खरेखुरे द्विभाषिक होते. आपल्याकडे एखादा मराठी मुलगा ‘मल्याळी इंग्रजी’ काढायला लागला की बहुतेक वेळा नक्कल होते, आणि श्रोते विनोदी कार्यक्रमातल्या पात्राला गुण देतात. दोन्ही वळणं रोजच्या व्यवहारात खरोखर वापरणारा माणूस मिळाला, उदाहरणार्थ घरी एक आणि कॉल सेंटरच्या पाळीत दुसरं, तरच हा मार्ग धरा.

दुसरा मार्ग म्हणजे प्रत्येक वळणाचा खरा भाषक घेणं. इथे धोका उलटा असतो: आवाजच वेगळे. एका वळणामागे एकच माणूस घेतला आणि तो नेमका घोगरा निघाला, तर घोगरेपणाचा दोष अख्ख्या तामिळनाडूच्या माथी बसतो. त्यामुळे प्रत्येक वळणाचे किमान दोन आवाज ध्वनिमुद्रित करा, सगळे एकाच लिंगाचे आणि साधारण एकाच वयाचे. निम्म्या श्रोत्यांना पहिला संच ऐकवा, निम्म्यांना दुसरा. दोन्ही संचांत निकाल एकाच दिशेला गेला तरच तो वळणाबद्दल आहे असं म्हणा.

मजकूर कोणता द्यायचा? जॉर्ज मेसन विद्यापीठाच्या स्पीच अ‍ॅक्सेंट आर्काइव्हमधला ‘प्लीज कॉल स्टेला’ हा ६९ शब्दांचा परिच्छेद जगभर वापरला जातो, आणि आपल्या कामाला तो बराच जुळतो. त्यात ‘स्टेला’, ‘स्पून्स’, ‘स्टोअर’, ‘स्टेशन’ आहेत, म्हणजे ‘इस्टेशन’ किंवा ‘सटेशन’ म्हणणारे लगेच कळतात. ‘स्नॅक’ आणि ‘स्नेक’ दोन्ही आहेत, त्यामुळे गुजराती वळणावरच्या नेहमीच्या थट्टेत खरं किती, हेही तपासता येतं. ‘फाइव्ह’, ‘वुई’, ‘वेन्सडे’ आहेत. इंग्रजीचे दोन वेगळे ध्वनी आपण एकाच ‘व’वर भागवतो, ते तिथे उघडं पडतं. उणीव एकच, पण मोठी आहे. परिच्छेदातले बहुतेक शब्द एका अवयवाचे (सिलेबलचे) आहेत. आघात, म्हणजे शब्द उच्चारतानाचा जोर, चुकीच्या अवयवावर पडण्याचा दोष त्यात जवळजवळ दिसतच नाही. रा. कृ. बन्सल यांनी १९६९ मध्ये भारतीय इंग्रजी ब्रिटिश श्रोत्यांना किती कळतं ते मोजलं, तेव्हा सरासरी सुमारे ७० टक्के आली होती, आणि न कळण्यामागच्या कारणांत चुकलेल्या आघाताचा वाटा मोठा होता. तेव्हा स्टेलाचा परिच्छेद मतं मोजण्यापुरता ठेवा. कळणं मोजायला वेगळी वाक्यं लागतील.

परिच्छेद प्रत्येकाकडून तीनदा वाचून घ्या आणि तिसरं वाचन वापरा. पहिल्या वाचनात माणूस अडखळतो, आणि श्रोते अडखळण्याचे गुण वळणाच्या खात्यात कापतात. निर्दोष वाचन साधारण २२ ते २८ सेकंदांत होतं. यापेक्षा बरंच हळू किंवा भरभर वाचणारा आवाज बदललेला बरा. सॉफ्टवेअरने वेग ओढूनताणून जुळवला की आवाज यांत्रिक लागतो.

मुद्रण

स्टुडिओ नको. गाद्या, पडदे, कपड्यांचं कपाट असलेली झोपायची खोली घ्या, पंखा आणि फ्रीज बंद करा. माइक तोंडापासून १५ ते २० सेंटीमीटरवर आणि थोडा बाजूला ठेवा, म्हणजे ‘प’ आणि ‘ब’चे धक्के थेट बसणार नाहीत. मोनो, ४४.१ किलोहर्ट्झ, १६ बिट, वेव्ह फाइल. सर्वांत मोठा आवाज उणे ६ डेसिबलच्या आसपास राहील अशी पातळी लावा.

व्हॉट्सअ‍ॅपवरून व्हॉइस नोट मागवायचा मोह टाळा. तिथे आवाज दाबला जातो आणि वरच्या कंपनसंख्या जातात, म्हणजे ‘स’, ‘श’, ‘फ’, ‘थ’ यांची नेमकी धार बोथट होते. त्यात एक आवाज पुण्यात समोर बसून आणि दुसरा कोचीहून व्हॉट्सअ‍ॅपवर आलेला असेल, तर तुम्ही दोन फोन मोजताय. दूरच्या माणसाला फोनवरच्या रेकॉर्डर अ‍ॅपात वेव्ह फाइल करायला सांगा आणि ती ड्राइव्हवरून किंवा ईमेलने मागवा.

मग सगळ्या क्लिपांचा आवाज सारखा करा. ऑडॅसिटी या ध्वनिसंपादनाच्या सॉफ्टवेअरमध्ये लाउडनेस नॉर्मलायझेशनला उणे २३ ठेवलं की काम होतं. प्राट हे उच्चार तपासायचं सॉफ्टवेअर वापरत असाल तर स्केल इंटेन्सिटीला ७० द्या. ही पायरी गाळली तर जो मोठ्याने बोलला तो ‘आत्मविश्वासू’ ठरतो. त्यानंतर त्या त्या भाषेच्या दोघा-तिघांना क्लिप ऐकवून विचारा: हा माणूस आपल्याकडचा वाटतो का, की मुद्दाम तसं बोलतोय? दोघांनी शंका काढली तर क्लिप बदला.

कळणं मोजायची वाक्यं

तीस छोटी वाक्यं लिहा, प्रत्येकी सहा ते नऊ शब्दांची. प्रत्येकात चार मुख्य शब्द ठरवून अधोरेखित करा. ‘द’, ‘ऑफ’, ‘इज’ मोजायचे नाहीत. पुढचा शब्द सहज ओळखता येईल असं वाक्य निकामी असतं. ‘ही ड्रँक अ कप ऑफ हॉट टी’मधलं ‘टी’ ऐकलं नाही तरी कोणीही लिहील. तसंच निदान दहा वाक्यांत तीन-चार अवयवांचे शब्द हवेत: ‘डेव्हलप’, ‘फोटोग्राफर’, ‘कमिटी’ असे, ज्यांत आघात हलतो.

वाक्यांच्या पाचपाचच्या सहा याद्या करा. प्रत्येक बोलणाऱ्याकडून सगळी तीस वाक्यं वाचून घ्या. ऐकवताना मात्र एका श्रोत्याला एका आवाजात एकच यादी, आणि कोणतंही वाक्य दुसऱ्यांदा नाही. पहिल्या गटाला पहिल्या आवाजात पहिली यादी, दुसऱ्या आवाजात दुसरी. दुसऱ्या गटात सगळ्या याद्या एक घर पुढे सरकवा. सहा गट झाले की प्रत्येक यादी प्रत्येक आवाजात ऐकवून होते आणि यादी सोपी की अवघड हा वाद मिटतो. प्रत्येक श्रोत्याकडून प्रत्येक आवाजाचे वीस शब्द मोजायला मिळतात.

उत्तरं रोमन लिपीतच लिहून घ्या. मराठी श्रोता सवयीने देवनागरीत ‘पेन’ लिहितो, आणि त्याला लेखणी ऐकू आली की वेदना, हे तुम्हाला कधीच कळत नाही. ‘वेस्ट’चंही तेच: पश्चिम दिशा की आतून घालायची बंडी? स्पेलिंगच्या चुका माफ, उच्चार तोच राहत असेल तर शब्द बरोबर. अनेकवचनाचा ‘स’ किंवा भूतकाळाचा ‘ड’ सुटला तर चूक धरायची की नाही हे तपासणी सुरू करण्यापूर्वी ठरवा आणि मग बदलू नका. कागद दोघांनी वेगवेगळे तपासावेत.

मतांचा कागद

मतांचा कागद मराठीत ठेवा. इंग्रजी विशेषणं दिली की श्रोता स्वतःच्या इंग्रजीच्या परीक्षेला बसल्यासारखा वागतो. सात घरांची पट्टी, दोन्ही टोकांना शब्द. विशेषणं तीन जुड्यांतून निवडा. एक प्रतिष्ठेची: शिकलेला, हुशार, वरच्या पदावरचा. दुसरी जवळिकीची: मनमिळाऊ, प्रामाणिक, मदतीला येणारा. तिसरी जोमाची: उत्साही, आत्मविश्वासू. पहिल्या दोन जुड्या मिसळू नका, कारण या क्षेत्रातला सर्वांत जुना आणि वारंवार दिसलेला निष्कर्ष असा की त्या विरुद्ध दिशेला जाऊ शकतात. डेनिस प्रेस्टन यांच्या पाहण्यांत मिशिगनच्या लोकांनी स्वतःच्या इंग्रजीला ‘शुद्ध’ म्हणून भरघोस गुण दिले, अमेरिकेच्या दक्षिणेला कमी. दक्षिणेकडच्यांचा ओढा मात्र ‘गोड’ म्हणून आपल्या बोलीकडे राहिला. सगळ्या विशेषणांची एकच सरासरी काढली की हेच चित्र पुसलं जातं.

काही पट्ट्यांवर चांगलं टोक डावीकडे ठेवा, काहींवर उजवीकडे. कंटाळलेला श्रोता सरळ खाली रेघ ओढतो, आणि टोकं उलटसुलट असली की तो पकडला जातो. आठच विशेषणं पुरेत. वीस दिली तर तिसऱ्या आवाजापासून सगळे ‘४’वर खूण करतात.

याच कागदावर आणखी दोन पट्ट्या: ‘समजायला किती कष्ट पडले’ आणि ‘बोलण्याचं वळण किती ठळक वाटलं’. यांना नऊ घरं द्या, मन्रो आणि डर्विंग यांनी तशीच दिली होती. ‘हा माणूस कुठला असावा’ हा प्रश्न मात्र सहाही आवाज संपल्यावर, वेगळ्या कागदावर, क्लिप पुन्हा ऐकवून. आधी विचारलात तर श्रोता मनात लेबल चिकटवतो आणि पुढचे सगळे गुण त्या लेबलाला देतो. ओळखण्याचे कागद वाचायला फार मजेदार असतात. ‘साउथ’ या एका शब्दात मंगळूर ते कन्याकुमारी बसवणारे बरेच भेटतील. पर्याय देऊ नका, मोकळी जागा द्या.

वेळ मिळाला तर प्रेस्टन यांची नकाशाची युक्ती शेवटी जोडा. भारताचा कोरा नकाशा द्यायचा, ठळक शहरं दाखवायची, आणि ‘जिथे इंग्रजी वेगळ्या वळणाने बोलतात असं वाटतं तिथे रेघ मारून नाव लिहा’ म्हणायचं. नाव त्यांच्याच शब्दांत.

ऐकवण्याचा दिवस

एका वेळी एक किंवा दोन श्रोते, हेडफोन लावून. वर्गात स्पीकरवर ऐकवलं की मागच्या बाकावरचे हसतात, आणि एकाच्या हसण्याने तीस कागद वाया जातात.

आधी मिनिटभराचा सराव द्या, सहांबाहेरच्या सातव्या आवाजात. त्याचे गुण मोजायचे नाहीत. कान नव्या वळणाला फार लवकर सरावतो. कॉन्स्टन्स क्लार्क आणि मेरिल गॅरेट यांच्या २००४च्या प्रयोगांत परक्या हेलाची मोजकी वाक्यं ऐकल्यावर, मिनिटाच्या आतच, श्रोत्यांचा वेग सुधारला होता. सराव नसला तर पहिल्या क्रमांकावर आलेल्या वळणाचं नुकसान होतं.

त्याच कारणाने क्रमही फिरवावा लागतो. सहा आवाजांसाठी पहिल्या गटाचा क्रम १, २, ६, ३, ५, ४ असा ठेवा. पुढच्या प्रत्येक गटासाठी सगळ्या आकड्यांत एक मिळवा आणि सहानंतर पुन्हा एक घ्या: २, ३, १, ४, ६, ५, मग ३, ४, २, ५, १, ६. सहा गटांत प्रत्येक आवाज प्रत्येक जागी एकदा येतो, आणि प्रत्येक आवाजाच्या लगेच आधी बाकीचा प्रत्येक आवाज एकदाच येतो. प्रत्येक गटात सहा श्रोते धरले की छत्तीस होतात. दोन आवाजसंच घेतले असतील तर प्रत्येक गटातल्या तिघांना पहिला, तिघांना दुसरा.

श्रोत्याला आधी ‘अ‍ॅक्सेंट’ हा शब्द सांगू नका. ‘वेगवेगळी माणसं एकच मजकूर वाचताना ऐकाल, त्यांच्याबद्दल काय वाटलं ते भरा’ एवढं पुरे. खरा हेतू कागद जमा झाल्यावर सांगा, आणि ज्याला आपला कागद परत हवा त्याला द्या. आधी वाक्यं, मग परिच्छेद. एका आवाजाला चार-पाच मिनिटं लागतात, एकूण अर्धा तास. जाताना श्रोत्याकडून तीन गोष्टी लिहून घ्या: शाळेचं माध्यम, कोणत्या राज्यांत राहिला, आणि रोज कुठल्या भाषकांशी इंग्रजीत बोलतो. आयटी कंपनीत तामिळ सहकाऱ्यांत पाच वर्षं काढलेला श्रोता आणि सांगलीहून नुकताच आलेला श्रोता एका रांगेत मोजले तर आकडे बोलत नाहीत.

आकडे वाचताना

पहिल्यांदा एकाच श्रोत्याच्या दोन आवाजांतला फरक काढा, मग त्या फरकांची सरासरी. काही जण सगळ्यांनाच ६ देतात, काही सगळ्यांना ३. सरळ सरासऱ्या जोडल्या की हा स्वभाव निकालात मिसळतो.

मग तीन स्तंभ शेजारी मांडा: बरोबर शब्द, कष्ट, ठळकपणा. समजा मल्याळी आवाजाचे २० पैकी १८ शब्द बरोबर आले, पण कष्टांच्या पट्टीवर ९ पैकी ६ पडले. याचा अर्थ शब्द पोहोचले, पण ऐकणारा दमला. फोनवर दिवसभर बोलायचं काम असेल तर हे दमणं महत्त्वाचं आहे. पाच मिनिटांच्या मुलाखतीत त्यावरून नकार देण्याला आधार नाही. शब्द १८, कष्ट २, आणि तरी ‘हुशार’ला ७ पैकी ३, असं आलं तर दोष बोलण्यात शोधू नका. तो गुण देणाऱ्याच्या डोक्यातला आहे. याउलट शब्द ११वर आले तर कोणते शब्द गेले त्यांची यादी काढा. बहुतेकदा ते विखुरलेले नसतात: चुकलेला आघात, सुटलेलं शेवटचं व्यंजन, ‘ए’च्या दोन स्वरांचा घोळ, यांपैकी एक-दोन कारणांवर निम्म्याहून जास्त शब्द पडतात. प्रशिक्षणाला तेवढंच लागतं. ‘थ’ दंत्य राहिला, ‘ट’ मूर्धन्य राहिला म्हणून भारतीय श्रोत्याचा क्वचितच एखादा शब्द हुकतो, आणि तरी महागड्या वर्गांत सर्वांत जास्त तास त्यांवरच जातात.

स्वतःच्या वळणाला, म्हणजे मराठीला, जास्त गुण मिळाले तर त्यावर मोठा निष्कर्ष उभारू नका. टेसा बेंट आणि अ‍ॅन ब्रॅडलो यांनी २००३ मध्येच दाखवलं की समान मातृभाषेच्या श्रोत्याला त्या वळणाचं इंग्रजी मूळ इंग्रजीभाषकाच्या बोलण्याइतकंच कळू शकतं. तुमच्या श्रोत्यांपैकी निम्मे बंगाली असते तर स्तंभ हलला असता.

चाचणीनंतर कंपनीला काही करायचं असेल तर ऐकणाऱ्यांनाही शिकवता येतं, आणि ते बोलणाऱ्याचं वळण बदलण्यापेक्षा बरंच स्वस्त पडतं. ब्रॅडलो आणि बेंट यांनी २००८ मध्ये चिनी वळणाच्या इंग्रजीवर पाहिलं की अनेक आवाजांवर सराव केलेल्या श्रोत्यांना त्याच वळणाचा नवा आवाजही चांगला कळतो. म्हणून एका वळणाचे चार-पाच वेगवेगळे आवाज घ्या. प्रत्येकाची दहा वाक्यं ऐकवा, ऐकणाऱ्याला आधी लिहू द्या आणि लगेच बरोबर मजकूर दाखवून तेच वाक्य पुन्हा ऐकवा. दुसऱ्या दिवशी, आधी न ऐकलेल्या सहाव्या आवाजात नवी वाक्यं देऊन शब्द मोजा.